मदत हवी आहे: बिल रसेलला कितव्या नंबरवर ठेवू?

मंडळी, एका यादीत अडकलोय. बास्केटबॉलमधले आजवरचे दहा सर्वोत्तम खेळाडू लिहून काढतोय. जॉर्डन, लेब्रॉन, करीम इथवर गाडी सुरळीत गेली, रसेलपाशी रुतली.

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये बॉस्टन सेल्टिक्स संघाकडून १३ हंगामांत ११ विजेतेपदं, त्यातली शेवटची दोन तर स्वतःच प्रशिक्षक असताना! १९६१-६२ मध्ये विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे ५०.४ गुण काढले, तरी त्या हंगामाचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू, रसेलच. आणि तेव्हा मतं खेळाडू द्यायचे, म्हणजे कौल समोर उभं राहून मार खाल्लेल्यांचा.

पण भाचा ऐकत नाही. "मामा, तो आला तेव्हा लीगमध्ये संघ किती? आठ!" मुद्दा खोटा नाही. गुणांची सरासरीही जेमतेम १५. ज्यात तो खरा दादा, ते ब्लॉक्स (बास्केटकडे फेकलेला चेंडू हवेतच अडवणं) एनबीए मोजायला लागली १९७३-७४ पासून. हा १९६९ मध्येच निवृत्त. मग तुलना करायची कशावरून?

मी सध्या चौथा धरलाय, भाचा दहावाही द्यायला तयार नाही. त्या काळचे सामने कुणी नीट पाहिलेत का? बचावाला तुम्ही किती वजन देता, आणि का, तेवढं सांगा.