मदत हवी आहे: कॉपर टू ऑक्साइडमधला 'टू' नेमका कशाचा?

नमस्कार मंडळी,

भाची नववीत आहे, सेमी इंग्लिशला. संयुजा मांडून रेणुसूत्र ती बरोबर काढते, पण संयुगाचं नाव लिहायचं म्हटलं की अडते. तिचे तीन प्रश्न जसेच्या तसे देतोय.

कार्बन डायऑक्साइडला 'डाय' लागतो, मग एका कॅल्शिअमबरोबर दोन क्लोरीन असूनही 'कॅल्शिअम डायक्लोराइड' का नाही? धातू असला की डाय-ट्राय लावायचं नाही, असं क्लासमध्ये सांगितलंय. पण कारण कळल्याशिवाय तिच्या डोक्यात काही टिकत नाही.

कॉपर टू ऑक्साइडमध्ये तांबं एक, ऑक्सिजनही एक. कॉपर वन ऑक्साइडमध्ये मात्र तांबं दोन! तिला हे सगळं उलटं वाटतं, आणि तिचं म्हणणं मला रास्त वाटतं.

आणि घरी द्राक्षबागेला बोर्डो मारायला मोरचूद आणलंय, त्या पिशवीवर 'कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट' छापलंय. धातूच्या संयुगात उपसर्ग नाही ना, मग हा 'पेंटा' कुठून आला?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

भाचीचे प्रश्न फार चांगले आहेत, आणि तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे: प्रभारावरून जे आपोआप कळतं, ते नावात लिहीत नाहीत.

कॅल्शिअमच्या आयनावर कायम दोन धनप्रभार, क्लोराइडवर एक ऋणप्रभार. बेरीज शून्य व्हायची तर क्लोराइड दोनच हवेत, दुसरा पर्यायच नाही. म्हणून 'डाय' लिहायची गरज नाही. कार्बन आणि ऑक्सिजन मात्र इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात, तिथे असा हिशेब नसतो. मोनॉक्साइडही असतो, डायऑक्साइडही. नायट्रोजनची ऑक्साइडं तर तिला लिहायलाच लावा: डायनायट्रोजन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड, डायनायट्रोजन पेंटॉक्साइड. अणू मोजून सांगितले नाहीत तर कोणतं ऑक्साइड तेच कळणार नाही.

आता तांबं. त्याची संयुजा परिवर्ती, एक किंवा दोन. नावातला 'टू' लिहिताना कंसात रोमन आकड्यात लिहितात, कॉपर (II) असा; तो एका तांब्याच्या आयनावरचा प्रभार सांगतो, अणूंची संख्या नाही. (ही पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी 1919 मध्ये मांडली.) ऑक्साइडवर दोन ऋणप्रभार असतात. तांब्यावर दोन असतील तर एकास एक जमतं. तांब्यावर एकच असेल तर तांबी दोन लागतात. शिकवताना आयर्न थ्री क्लोराइडपासून सुरुवात करू नका. तिथे क्लोराइड नेमके तीन असतात, त्यामुळे मुलांना तो आकडा अणूंचाच वाटतो. आयर्न थ्री ऑक्साइड घ्या: लोह दोन, ऑक्सिजन तीन, आणि प्रत्येक लोहावर प्रभार तीन.

मोरचुदातला 'पेंटा' पाण्याच्या पाच रेणूंचा. पाण्याच्या रेणूवर प्रभार नाही, म्हणून ते किती हे प्रभारावरून काढता येत नाही, सांगावंच लागतं. सल्फेटवर दोन ऋणप्रभार, म्हणजे तांब्यावर दोन धन. पूर्ण नाव कॉपर टू सल्फेट पेंटाहायड्रेट. बाजारात 'टू' गाळतात इतकंच.

प्रतिसाद २

तांब्याची क्युप्रस-क्युप्रिक, लोहाची फेरस-फेरिक ही जुनी नावंही तिला भेटतील. 'अस' म्हणजे कमी प्रभार, 'इक' म्हणजे जास्त. पण आकडे धातूगणिक बदलतात: क्युप्रस एक, क्युप्रिक दोन, फेरस दोन, फेरिक तीन. म्हणून 'इक म्हणजे तीन' असं पाठ करू देऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पाण्याचा मुद्दा तिला लगेच पटला. आता एकच राहिलं: कोरड्या विद्युत घटातल्या मँगनीज डायऑक्साइडला 'डाय' कसा? मँगनीज तर धातू आहे.

प्रतिसाद १

ते रूढ नाव आहे, सगळीकडे चालतं. प्रभाराच्या पद्धतीने त्याचं नाव मँगनीज फोर ऑक्साइड. चार कसे आले, ते तिलाच काढायला सांगा.