दरडोई उत्पन्नाच्या रेषेवर आरोग्यनिधी ठरावा का?

करवीरकर (मूळ मत): भारत 2014 साली जागतिक बँकेच्या आयडीए या गरीब देशांसाठीच्या शाखेच्या सवलतीच्या कर्जांतून बाहेर पडला, तरीही क्षयरोगासाठी आपण ग्लोबल फंडापुढे (एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय निधी) पदर पसरतो, हे शोभत नाही. उत्पन्नाची रेषा ओलांडली की मदत थांबलीच पाहिजे.

शाहूपुरीकर: हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. त्याच फंडाला 2022 मध्ये भारताने अडीच कोटी डॉलर देऊ केले, हे आपण सोयीस्कररीत्या विसरलात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या भारतात आहेत. दरडोई उत्पन्न म्हणजे एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागून आलेला आकडा; शिरोळचा ऊस बागायतदार आणि गगनबावड्याचा धनगरवाडा यांची सरासरी काढून वाड्यावरचा खोकला थांबत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याने गोळ्यांमुळे लघवी केशरी होते, एवढ्याच भीतीने उपचार सोडले होते. त्याला घरी जाऊन समजावणाऱ्याचा पगार कुठून येणार, हे ती सरासरी सांगत नाही. रुमानियात 2010 मध्ये फंडाची एचआयव्हीसाठीची मदत संपली, सुया बदलून देण्याचे उपक्रम आटले आणि सुईने नशा करणाऱ्यांत संसर्ग झपाट्याने वाढला.

करवीरकर: मग रुमानियाच्या सरकारने हात का आखडला, हे विचारा. लसीकरणासाठी निधी देणारी ‘गावी’ तीन वर्षांची सरासरी पाहते, नंतर मदत टप्प्याटप्प्याने कमी करते. नायजेरियाला तर 2028 पर्यंत मुदत वाढवून मिळाली. आणखी किती लाड करायचे?

उत्तरेश्वरकर: रेषेचा विषय निघालाच आहे, तर आपल्या घरचे पाहा. 1999 मध्ये तिरंगी शिधापत्रिका आल्या, तेव्हा केशरी कार्डाची मर्यादा वार्षिक एक लाख ठरली, आणि पुढे कितीतरी वर्षे गॅस, तेल, शाळेची फी सारे वाढले, तरी तो आकडा जागचा हलला नाही. माझ्या मोठ्या भावाचे उत्पन्न थोडेसे वर गेले, म्हणून एका कार्यालयातील कारकुनाने त्याला पांढऱ्या कार्डाचा सल्ला दिला. त्याच महिन्यात वहिनींचे डायलिसिस सुरू झाले होते. डॉलरच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी दाखल्यासाठी रांगेत उभे राहून दाखवावे.

करवीरकर: आपल्या भावाच्या कार्डाचा नायजेरियाशी काय संबंध? प्रत्येक चर्चेत रेशन आणायचेच, असा आपला पण दिसतो.

शाहूपुरीकर: संबंध आहे, आणि तो आपल्याच विरोधात जातो. ‘गावी’ची रेषा 2011 मध्ये दीड हजार डॉलर झाली आणि त्यानंतर महागाईप्रमाणे सरकत राहिली; आपली रेषा मात्र गोठली. म्हणजे परदेशी संस्थेला जे सुचले, ते आपल्याला सुचले नाही. माझा आक्षेप रेषेला नाही, केवळ उत्पन्न मोजण्याला आहे. ग्लोबल फंड उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांबाबत रोगाचा भारही पाहतो, तसे सर्वत्र व्हावे.

करवीरकर: ठीक आहे, रोगाचा भार मोजा. आपल्या विद्वत्तेपुढे माघार घेतो, फक्त तो भार सरकारी आकड्यांवरून मोजायचा की उत्तरेश्वरकरांच्या रांगेवरून, तेवढे ठरवा.

उत्तरेश्वरकर: रांगेवरूनच मोजा. सकाळी सातला या, जागा धरून ठेवतो.