भाताच्या जनुकांचा नकाशा काढायचाय, कोणतं पुस्तक घेऊ?

खारजमीन_पनवेल

एमएस्सी बॉटनीला आहे. खार जमिनीत तग धरणाऱ्या भातावर प्रोजेक्ट चाललंय. क्षार सोसण्याच्या गुणाशी जोडलेले मार्कर (डीएनएवरच्या ओळखखुणा) क्रोमोसोमवर कुठे बसतात, याचा नकाशा करायचाय. शेतातलं आणि लॅबमधलं काम जमतं, पण आकडेमोड 'आर' या संगणकभाषेत करायची म्हटलं की गाडी अडते. एका सीनियरने जाडजूड संपादित ग्रंथ सुचवलाय. त्यात जनुकशास्त्र, मशीन लर्निंग, शेती, सगळं आहे आणि प्रत्येक प्रकरणाचे लेखक वेगळे. किंमत पंधरा हजारांच्या वर. घरी मागायला जीव धजत नाही. घ्यावा का?

आणखी एक. नकाशा काढताना सॉफ्टवेअर विचारतं, अंतराचं सूत्र कोणतं, हाल्डेन की कोसंबी? हे आपले इतिहासकार दामोदर कोसंबी का?

ग्रंथपाल_दादर

अगं, मुळीच घेऊ नकोस. मी मॅथ्समध्ये बीएस्सी करून लायब्ररीत आले, असे ग्रंथ रोज हाताळते. शीर्षकात 'आंतरविद्याशाखीय' असलं तरी आत बहुतेक वेळा सुटे लेख एकत्र बांधलेले असतात. एका प्रकरणात 'पी' म्हणजे जनुकाच्या रूपाची वारंवारता, पुढच्यात तेच अक्षर संख्याशास्त्रातली पी-व्हॅल्यू. नवख्या वाचकाचे त्यात हाल होतात. तुला हवं असेल त्यातलं एखादंच प्रकरण. त्याच्या लेखकाला सरळ ईमेल कर, लेखक बहुधा आनंदाने पाठवतात. नाहीतर तुमच्या ग्रंथपालांना आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवायला सांग. आमचं कामच आहे ते, संकोच कसला!

आता कोसंबी. हो, तेच! आणि तुझ्या प्रश्नाचा खरा गाभा तिथेच आहे. मार्करमधलं अंतर थेट मोजता येत नाही. किती संततीत दोन मार्करच्या मध्ये क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल (क्रॉसओव्हर) झाली ते मोजायचं आणि त्यावरून अंतर काढायचं. पण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर दोन्ही टोकं पुन्हा जुळतात आणि काही झालंच नाही असं दिसतं. म्हणून सूत्र लागतं. जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या 1919 च्या सूत्रात एका क्रॉसओव्हरचा शेजारच्यावर काहीच परिणाम नाही असं धरलंय. प्रत्यक्षात बहुतेक सजीवांत एक झाला की जवळपास दुसरा होण्याची शक्यता घटते. 1944 च्या लेखात कोसंबींनी ही गोष्ट सूत्रात आणली. तुझ्याकडे 20 टक्के अदलाबदल आली, तर हाल्डेनप्रमाणे अंतर 25.5 सेंटिमॉर्गन (जनुकांच्या नकाशातलं अंतराचं एकक) भरेल, कोसंबींप्रमाणे 21.2. डेटा तोच, नकाशे दोन.

हे सूत्र मांडणारा माणूस गणिती होता. पुढे टीआयएफआरमध्ये (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) असताना 1956 मध्ये त्यांनी भारतीय इतिहासाच्या अभ्यासावर पुस्तक लिहिलं. आहत (ठसे उमटवलेली प्राचीन) नाणी तराजूत तोलून, वापरात ती किती झिजली याचं संख्याशास्त्र मांडणारेही तेच. हातात नाणं आहे, प्रश्न आहे, त्याला लागेल ते गणित वापरायचं, अशी त्यांची पद्धत. मला ती फार मोलाची वाटते. तुझ्या हातात भात आहे. त्याला लागेल तेवढंच संख्याशास्त्र आधी वाच: संभाव्यता, लाइकलीहूड (मिळालेला डेटा कोणत्या अंदाजाशी किती जुळतो), रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज). ही पुस्तकं माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर जुनी मिळतील. आवृत्ती जुनी असली तरी बिघडत नाही, हे गणित बदललेलं नाही. सॉफ्टवेअरचं पुस्तक मात्र जुनं घेऊ नकोस.

ठाणे_लोकल

मॅडमच्या शेवटच्या वाक्याला एक अपवाद सांगतो. मी प्रोग्रॅमर आहे, बायकोच्या पीएचडीमुळे यात पडलो. कार्ल ब्रोमन आणि शौनक सेन यांचं आर/क्यूटीएल या, गुणांशी जोडलेल्या जागा क्रोमोसोमवर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवरचं 2009 चं पुस्तक लायब्ररीतून मिळवाच. ब्रोमन हे त्या सॉफ्टवेअरच्याच कर्त्यांपैकी, त्यामुळे कमांडसोबत तिच्यामागचं कारणही कळतं. आता आर/क्यूटीएल-2 आलंय, कमांड बदलल्यात, तेवढ्यापुरतं वेबसाइटवरचं मोफत मार्गदर्शन बघा. आणि एक जपा: नकाशाचं अंतर काढताना तुम्ही काहीच निवडलं नाहीत, तर जुनं आर/क्यूटीएल गुपचूप हाल्डेन धरून चालतं. व्हायव्हाला 'हेच का घेतलं' असं विचारलं तर उत्तर तयार हवं.

खारजमीन_पनवेल

मॅडम, दादा, खूप आभार. रात्री दोन्ही सूत्रं वहीत सोडवून पाहिली. 5 टक्क्यांना हाल्डेन 5.3 आणि कोसंबी 5.0 येतात. म्हणजे मार्कर जवळजवळ असतील तर फारसा फरक नाही. माझ्या नकाशात एका क्रोमोसोमवर मोठी मोकळी जागा आहे, फरक पडेल तो तिथे. दोन्हींनी काढून गाइडना दाखवते. ग्रंथ घेत नाही. ब्रोमन-सेन आमच्या लायब्ररीत नाही, मागणीचा अर्ज उद्याच देते.