मदत हवी आहे: पद्मिनीचा गिअरबॉक्स इंजिनपासून सुटता सुटत नाही

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी, जीडी नंबरची (गोवा-दमण-दीवची जुनी नोंदणी), १०८९ सीसी पेट्रोल, बाबांनी घेतलेली. सहा पावसाळे घरामागच्या शेडमध्ये प्लास्टिकखाली होती, आम्हाला वाटलं झाकून ठेवलीय म्हणजे सुरक्षित, पण आत दमट हवा कोंडून ती चांगलीच गंजलीय. आता आईने ठरवून टाकलंय की यंदा चवथीला चित्रशाळेतून गणपती ह्याच गाडीतून आणायचा.

इंजिन सुरू होतं, त्रास नाही. पण क्लच दाबला तरी सुटत नाही, प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागचं जड चाक) गंजून चिकटली असणार, म्हणून गिअरबॉक्स उतरवायला घेतला. प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, गिअरचे रॉड, स्टार्टर, खालचा पत्रा, क्रॉस मेंबर, सगळं काढलं, बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सचा इंजिनला टेकणारा घंटेसारखा भाग) बोल्ट वरून खालून बोट फिरवून दोनदा तपासले, एकही राहिलेला नाही. खाली ट्रॉली जॅक आहे.

तर खालच्या बाजूला साधारण ४ मिलिमीटर फट पडलीय आणि वर ड्रायव्हरच्या बाजूला ब्लेडचं पातंसुद्धा जात नाही. दोन दिवस हलवतोय, तेवढीच फट. काल शेजारचा फिटर आला तो सरळ छिन्नी आणि घण घेऊन, मी त्याचा हात धरला. तो म्हणाला मग ठेवा अशीच, पुढच्या चवथीला बघू. आता काय करू?

जुनीगाडी फोंडा:
छिन्नी लावू दिली नाही ते उत्तम केलंत. हाउसिंग अॅल्युमिनियमचं, कडेला एक खाच पडली की परत नीट बसत नाही आणि अॅल्युमिनियम वेल्ड करणारा चांगला माणूस शोधत हिंडावं लागतं.

एका कोपऱ्यात हलत नाही म्हणजे तिथली डॉवेल पिन (इंजिन आणि हाउसिंग नेमक्या जागी बसवणारी खुंटी) धरलीय. पिन पोलादाची, घर अॅल्युमिनियमचं, त्यात आपली खारी हवा, दोन धातूंच्या मध्ये पांढरी भुकटी धरते आणि ती सिमेंटसारखी घट्ट होते. स्प्लाइन (गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचे, क्लच प्लेटमध्ये बसणारे दाते) जाम असती तर फट सगळीकडे सारखी पडून परत मागे आली असती.

आता जे सांगतो ते उलटं वाटेल. आधी फट बंद करा. दोन बोल्ट लावून हाउसिंग परत इंजिनला टेकवा. तिरकं ओढत राहिलात तर पिन आणखी घट्ट चावते, दोन दिवस तेच चाललंय तुमचं. क्रॉस मेंबर काढल्यावर इंजिन मागून खाली झुकतं ना, म्हणून संपखाली (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) फळी ठेवून दुसरा जॅक लावा, दोघांची रेषा एक करा. मग पिनेच्या तोंडाशी गंज सोडवायचं तेल, रात्रभर.

कोलवाळचा:
तेलानंतर हीट गन पण चालवा. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून ऊब हाउसिंगला द्यायची, ब्लॉकला नाही. पण आधी तेल कापडाने नीट पुसा, बॅटरी काढा, पेट्रोलची पाइप बंद करा, आणि ब्लो टॉर्च अजिबात नको, शेडला आग लागली तर गणपती चालत आणावा लागेल 😄 आणि गिअरबॉक्सचं वजन जॅकवरच राहू दे, शाफ्टवर लोंबकळलं तर क्लच प्लेट वाकते.

डिचोलीकर:
सुटला!! फोंड्याच्या भाऊंचं ऐकून फट बंद केली, फळी लावली, तेल सोडलं, रात्रभर पाऊस आणि मी जागा. सकाळी पुसून दहा मिनिटं हीट गन, मग वरच्या कोपऱ्यावर लाकडी ठोकळा धरून हातोडीने हलके ठोके, इकडून चार, तिकडून चार. आवाज आधी भरीव येत होता, पंधरावीस ठोक्यांनंतर बद्द झाला आणि केसाएवढी फट दिसली. मग परत तेल, परत ठोके, आणि तासाभराने दोघांनी सरळ मागे ओढला. पिन ब्लॉकमध्येच राहिली, अंगावर चुन्यासारखं पांढरं कवच, नखाने निघत नाही.

तो फिटर कुंपणावरून बघत होता, काही बोलला नाही, नंतर येऊन चहा पिऊन गेला.

आता पुढचं. प्रेशर प्लेट काढली तर क्लच प्लेट खरंच फ्लायव्हीलला चिकटलेली, लायनिंग जागेवरच राहिलं आणि फ्लायव्हीलवर गंजाचं गोल कडं उठलंय. ते एमरीने घासून चालेल की लेथवर न्यावं लागेल? आणि नवीन क्लच प्लेट म्हापशाला मिळेल का पणजीला बघू?