जैतापूर सोडा, सौरऊर्जेत पैसा घाला: पटतंय का?

कोथरूडची गच्ची
अणुवीज की सौर, असा वाद निघाला की कुणीतरी युरोपातल्या खर्चाचा तक्ता पुढे करतं. अहो, एक किलोवॅटची पॅनेल्स जर्मनीत वर्षाला हजारेक युनिट देतात, पुण्यात गच्चीवर चौदाशेच्या आसपास. राजस्थानात भडल्याच्या सौर प्रकल्पाला २०१७ साली युनिटला २.४४ रुपये दर निघाला, गुजरातच्या लिलावात २०२० मध्ये १.९९. आणि इंग्लंडमधल्या हिंकली पॉइंटच्या अणुविजेला कबूल केलेला दर? २०१२च्या किमतीत मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटला, ९२.५० पौंड, तेव्हाच्या हिशेबाने युनिटला जवळजवळ आठ रुपये. जैतापूरला त्याच ईपीआर नावाच्या फ्रेंच बनावटीच्या अणुभट्ट्या आणायच्या आहेत. कशासाठी?

भोसरी तिसरी पाळी
युरोपचा तक्ता नको म्हणता आणि हिंकलीचा दर मात्र चालतो? तीच ईपीआर चीनने ताइशानला नऊ वर्षांत चालू केली. फ्रान्सला फ्लामनव्हिलला २००७ पासून २०२४ उजाडलं. भट्टी एकच, पण काम करणारी माणसं, ठेकेदार, व्याज सगळं वेगळं. शिवाय १.९९ ही उन्हातल्या विजेची किंमत. आमची यंत्रं रात्री दोनलाही फिरतात. त्या वेळच्या युनिटचा दर सांगा, मग बोलू.

बँकेतला माणूस
व्याजाचा मुद्दा खरा, पण तो सौरलाही लागू आहे. कोळशाच्या केंद्रात पैसा वर्षानुवर्षं इंधनावर जातो, सौर आणि अणू दोन्हींत बहुतेक खर्च आधीच करावा लागतो. त्यामुळे आपल्याकडच्या चढ्या व्याजदरात उन्हाचा बराचसा फायदा कर्जातच जिरतो. अणुभट्टी रखडली तर व्याजावर व्याज चढतं, तिथे सौर वर्ष-दीड वर्षात कमवायला लागतं.

कोथरूडची गच्ची
नेमकं हेच! जैतापूरचा करार डिसेंबर २०१० मधला, अजून भट्टी उभी नाही. आपल्याकडे ताइशानचा वेग येईल हे कशावरून धरायचं? रात्रीसाठी साठवण लागते, मान्य. भिऱ्याला १५० मेगावॅटचा पाणी परत वर चढवणारा संच आहे, घाटघरला २५० मेगावॅटचा. सह्याद्रीचा असा कडा जर्मनीतल्या सपाट मुलखाला कुठून मिळणार? दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी वर न्यायचं, संध्याकाळी सोडायचं. हा खर्च धरूनच तुलना करू, माझी तयारी आहे.

मुळशी खोरं
मग जमिनीचाही धरा. भिऱ्याचं पाणी आमच्या मुळशी धरणाचं. १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. वीज मुंबईला गेली, शेतं पाण्याखाली. आता नवे साठे बांधणार असाल तर गेलेल्या जमिनीचा मोबदला युनिटच्या दरात पहिल्याच दिवशी दिसू दे.