गिनी पिगला आंघोळ घालायची का? वास यायलाय आणि एक जण सारखा खाजवायलाय

जुळेसोलापूरची_आई
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन गिनी पिग आहेत, दोन्ही नर, लेकीच्या हट्टापायी दिवाळीत आणलेले. नावं पण तिनंच ठेवली, शेंगा आणि चटणी. शेंगा बारीक केसांचा आहे, चटणीचे केस लांब, मागून जमिनीला लागतात एवढे. थंडीत काही त्रास नव्हता, पण एप्रिल सुरू झाला आणि खोलीत वास यायलाय, सासूबाई म्हणायल्यात एक तर त्यांना आंघोळ घाला नाहीतर गच्चीवर ठेवा. चटणीच्या मागच्या केसांत लेंड्या आणि मूत चिकटून गठ्ठे झालेत. शेंगा सारखा मागच्या पायानं मान खाजवायलाय आणि पाठीवर एका जागी केस विरळ झाल्यासारखे वाटतात. शेजारच्या वहिनी म्हणतात आमच्या लॅब्रॅडॉरचा शॅम्पू घेऊन जा, दर रविवारी आंघोळ घाला, उन्हाळ्यात त्यांना गार पण वाटतं. इथं नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्हाला माहितीच आहे, पण जाऊ दे, एवढ्याशा जिवाला किती पाणी लागणार. तर आंघोळ घालावी का, किती दिवसांनी, शॅम्पू कोणता, आणि गच्चीवर ठेवलं तर चालेल का? पिंजरा लोखंडी जाळीचा आहे, खालून ट्रे आणि पेपर. खायला काकडी, गाजर, कोथिंबीर आणि दुकानातलं मिक्स फूड.

कडक_भाकरी
ताई गच्चीवर अजिबात नको ओ, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळीसच्या वर असतोय आणि हे प्राणी मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातले, थंड हवेचे. आपल्यासारखा घाम येत नाही त्यांना. साधारण सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर गेलं की त्रास सुरू होतो, गच्चीवर पत्र्याखाली ठेवलं तर एका दुपारीत खेळ खल्लास. सासूबाईंना सांगा घरातली सगळ्यात थंड खोली द्यायची, शक्यतो तळमजल्याची.

शहाबादी फरशीचा तुकडा सावलीत ठेवा पिंजऱ्यात, ते आपोआप त्यावर पसरून झोपतात. बाटलीत पाणी भरून फ्रीजरला लावा आणि जुन्या मोज्यात घालून एका कोपऱ्यात ठेवा, बर्फ डायरेक्ट अंगाला नको. कूलर खोलीत चालू द्या पण तोंड पिंजऱ्याकडं नको, दमट झोत अंगावर घेतला की सर्दी धरतात. आणि नावं लई भारी ठेवलीत, पण शेंगा खायला देऊ नका बरं का, तेलकट पडतं त्यांना.

बोका_आणि_बाकीचे
एवढं घाबरायचं काय त्यात. मी दर पंधरा दिवसाला बेबी शॅम्पूनं घालतो, फॅनखाली सोडतो, अर्ध्या तासात वाळतंय. काय होत नाही.

विजापूररोड_पिगवाली
@बोका_आणि_बाकीचे तुमच्याकडं झालं नसेल काही, ते मान्य, पण फॅनखाली ओलं सोडायचं हे मला पटत नाही. गिनी पिगच्या अंगावरचे केस दाट असतात, वरून वाळल्यासारखं दिसतं आणि आतली कातडी ओली राहते, त्यात वारा लागला की छातीत कफ आणि मग न्यूमोनिया, आणि एवढ्याशा जिवाला न्यूमोनिया झाला की वाचवणं अवघड. शिवाय सारखी आंघोळ घातली की कातडीचं नैसर्गिक तेल जातं, कोंडा होतो, मग अजून खाजवतात.

ताई, तुमचे दोन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत, आंघोळ दोन्हीला औषध नाही. बारीक केसांच्या निरोगी गिनी पिगला पूर्ण आंघोळ वर्षानुवर्षं घातली नाही तरी चालते, ते स्वतःला चाटून साफ ठेवतात. वास त्यांच्या अंगाचा कमी आणि पिंजऱ्याचा जास्त असतो. पेपर मूत शोषत नाही, नुसता भिजतो, आणि आपल्या उन्हाळ्यात अमोनियाचा वास डोळ्यात जातो, त्यांच्या नाकात तर आधी जातो. जाळीवर राहिले तर तळव्यांना जखमा होतात तो वेगळाच ताप. जाळीवर पुठ्ठा किंवा प्लायवूड टाका, त्यावर जुने सोलापुरी टॉवेल दोन-तीन पदर, आणि सगळ्यात वर फ्लीसचं ब्लँकेट. मूत फ्लीसमधून खाली जातं आणि टॉवेल पितो, वरची बाजू कोरडी. पण टॉवेल उघडा वर ठेवू नका, आपल्या टेरी टॉवेलचे जे बारीक फास असतात ना त्यात त्यांची नखं अडकतात, ओढताना नख उपटलं जाऊ शकतं. लेंड्या रोज झाडायच्या, कापड तीन-चार दिवसांनी धुवायचं, फॅब्रिक कंडिशनर न घालता. ट्रेमध्ये मुताचा पांढरा खर बसतो तो पांढऱ्या व्हिनेगरनं निघतो. फिनेल किंवा डेटॉल नको.

आता चटणी. त्याच्या मागच्या बाजूचे केस आधी कापा, बोथट टोकाची कात्री घ्या, एक जण धरायला बसा, गठ्ठा ओढायचा नाही, कातडी आणि गठ्ठा ह्यांच्यामध्ये बोट ठेवून कापायचं. जमिनीला लागणार नाहीत एवढे आखूड ठेवले की निम्मं काम संपलं. हे उन्हाळ्यात टाळू नका, ओल्या घाण केसांवर माशी बसते आणि अळ्या पडतात, ते फार वाईट असतं.

कापल्यावरही चिकट असेल तर फक्त मागचा भाग धुवायचा. दुपारी, फॅन-कूलर बंद करून, दार लावून. टबाच्या तळाशी कापड म्हणजे पाय घसरत नाहीत, घसरले की ते जाम घाबरतात. कोमट पाणी, दोन बोटं खोल, हातानं किंवा कपानं मागच्या बाजूवर सोडायचं. डोकं, कान, डोळे ह्यांना थेंब लागता कामा नये. बहुतेक वेळा नुसत्या पाण्यानं होतं, शॅम्पू लागलाच तर ससा-गिनी पिगसाठी मिळतो तो, अगदी थेंबभर, आणि पूर्ण निघेपर्यंत धुवायचा. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून दाबून पुसा, टॉवेलची कमी नाहीच आपल्या गावात. हेअर ड्रायर सगळ्यात कमी गरमवर, लांबून, आणि मध्ये स्वतःचा हात ठेवून, तुमच्या हाताला चटका वाटला तर त्याला कितीतरी जास्त वाटतो. कातडीपर्यंत कोरडा झाल्याशिवाय पिंजऱ्यात सोडू नका.

अजून एक गोष्ट, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. नरांना पाठीच्या अगदी शेवटी, जिथं शेपूट असायला हवी होती तिथं, तेलाची ग्रंथी असते. ती चिकट, काळपट होते आणि उग्र वास येतो. केस बाजूला करून बघा. खोबरेल तेल बोटानं चोळा, पाच मिनिटं मुरू द्या, मऊ कापडानं पुसा, कवच सुटून येतं. नखानं खरवडायचं नाही. बऱ्याचदा सासूबाईंचा वास तिथंच सापडतो, म्हणजे सासूबाईंना येणारा वास 😄

गोठा_ते_दवाखाना
वरच्या ताईंनी नीट सांगितलंय. मी पशुवैद्यकीयला शिकतो त्यामुळे शेंगाबद्दल लिहितो, मला त्याची जास्त काळजी वाटायलीय. मान-पाठ खाजवणं आणि केस विरळ होणं म्हणजे पहिला संशय खरजेच्या किड्यांवर. गिनी पिगची स्वतःची एक जात असते ह्या किड्यांची, ट्रिक्साकॅरस कॅव्हिए, कातडीत बोगदे करून राहते आणि खाज इतकी भयंकर की काही जनावरांना खाजवता खाजवता फिट आल्यासारखं होतं. आंघोळीनं हे किडे जात नाहीत. डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात, वजनावर मोजून, आणि काही दिवसांनी परत, कारण अंड्यांवर औषध चालत नाही. दुकानात मिळणारी गुरांची बाटली आणून अंदाजे टोचायचं नाही, शेंगा किलोभराच्या आत-बाहेर असेल, अर्धा थेंब इकडं-तिकडं झाला तर डोस चुकतो. दोघं एकत्र राहतात तर दोघांनाही उपचार आणि पिंजऱ्यातलं सगळं कापड गरम पाण्यात.

दुसरा संशय नायटा. तो बहुतेक नाकाभोवती, डोळ्याभोवती सुरू होतो, गोल चट्टा आणि खपली. तो माणसाला लागतो, म्हणून मुलीला सध्या हात साबणानं धुवायला लावा आणि तिच्या हातावर काही उठलंय का बघा. लॅब्रॅडॉरचा शॅम्पू राहू द्या, विशेषतः गोचीड मारणारा असेल तर जवळ पण नेऊ नका.

डॉक्टरांकडं गेल्यावर गिनी पिग आहे हे ठासून सांगा. इथं बहुतेकांचा हात गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांवर बसलेला असतो. तोंडानं पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन हे गिनी पिगला चालत नाही, आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जनावर दगावतं. अँटिबायोटिक लिहून दिलं तर हा प्रश्न विचारायला लाजू नका. इथं जमलं नाही तर पुण्यात छोट्या प्राण्यांचे डॉक्टर आहेत, फोटो पाठवून आधी बोलून घेता येतं.

आणि खाण्याचं. गिनी पिगचं शरीर व्हिटॅमिन सी तयार करत नाही, आपल्यासारखंच. दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. कमी पडलं की केस खराब, सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त. काकडीत जवळजवळ काहीच नाही, गाजरात पण कमी. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा द्या, पेरूची फोड अधूनमधून, गोड असतो म्हणून थोडीच. पाण्यात थेंब टाकायच्या भानगडीत पडू नका, उजेडात आणि उष्णतेत ते लवकर निकामी होतं. मिक्स फूडमधल्या बिया, मका वगैरे बंद.

मंगळवेढ्याचा_शिवार
मुख्य खाणं वाळलेलं गवत पायजे, ते कुणी लिहिलंच नाही. दात जन्मभर वाढत असतात, गवत चावूनच झिजतात. बाहेरचं टिमोथी गवत ऑनलाईन मिळतं पण लई महाग पडतं. शेतावरची हरळी, मारवेल स्वच्छ धुवून द्या, फवारणी केलेल्या बांधावरची सोडून. लसूण घास (ल्युसर्नचा चारा) भरपूर देऊ नका, त्यात कॅल्शियम जास्त, पूर्ण वाढलेल्या गिनी पिगला मूतखडा होतो, पिल्लांना हा घास चालतो.

जुळेसोलापूरची_आई
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. टॉर्च लावून बघितलं, शेंगाच्या पाठीवर पांढरट खपल्या आहेत आणि तिथं हात लावला की पाय झाडायला लागतो, उद्या दवाखान्यात नेते. चटणीचे केस आजच कापले, ती तेलाची ग्रंथी पण सापडली, वास तिथूनच होता ओ! सासूबाईंना दाखवली तर त्या स्वतःच खोबरेल घेऊन बसल्या. अजून एक विचारायचं होतं, माझ्या माहेरी मोहोळकडे ज्वारी असते, तिथला कडबा किंवा हिरवी ज्वारी आणून दिली तर चालेल का?

मंगळवेढ्याचा_शिवार
हिरवी कोवळी ज्वारी अजिबात नको. गुडघाभर उंचीची, पाण्याचा ताण बसलेली किंवा कापल्यावर फुटलेला खोडवा, ह्यात सायनाईडचं विष असतं, म्हैस आडवी होते तिथं तुमच्या चटणीचं काय. पूर्ण पिकून वाळलेल्या कडब्याची नुसती पानं चाळा म्हणून टाका, बुरशी किंवा काळे डाग नाहीत ना बघून, जाड ताट काढून. पण पोट भरायला गवतच.

गोठा_ते_दवाखाना
ताई उद्या नेताना सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर निघा, रिक्षात दुपारी नको. दोघांना एकत्र न्या, एकट्याला नेलं तर तो जास्त घाबरतो. बॉक्सला भोकं, आत गवत आणि काकडीची फोड, पाण्याची वाटी सांडते. वाटेत धाप लागली, लाळ गळायला लागली किंवा आडवा पडला तर सावलीत थांबून साध्या पाण्याचा ओला कपडा कानाला आणि पायांना लावा, बर्फाचं पाणी ओतू नका, आणि तसंच डॉक्टरांकडं. वजन तिथं करून लिहून आणा, पुढच्या डोसला लागेल.