पहिलं मत नोटाला, आणि आजोबांशी खोटं

वडगावचा पोरगा:
7 मे 2024 ला, लोकसभेला, बेळगावात आयुष्यातलं पहिलं मत दिलं. आजोबांना स्कूटरवर मागं बसवून केंद्रावर नेलं. बाहेर पडल्या पडल्या त्यांचा एकच प्रश्न, "आपल्यालाच दिलास न्हवं?" मी हो म्हटलं. नोटा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही'चं बटण, दाबलं होतं. दाबून बरं वाटेल असं वाटलं होतं, तेही नाही.

आमच्याकडं, कर्नाटकातल्या या मराठी सीमाभागात, प्रत्येक निवडणूक म्हणजे मराठी किती उरले याची मोजदाद. हलगा-मच्छे बायपाससाठी शिवारं गेली तेव्हा कोण आडवं पडलं? शेतकरीच. जमिनीचा कन्नडमधला उतारा आजोबांना मी वाचून दाखवतो, कारण मला शाळेत कन्नड होतं. मत मागायला मात्र सगळे मराठीत येतात, भगवा फेटा बांधून. राजहंसगडावरच्या महाराजांच्या पुतळ्याचं मार्च 2023 मध्ये दोनदा अनावरण झालं, आधी भाजपचं, मग काँग्रेसचं. मेमध्ये विधानसभेची निवडणूक होती ना! मी तेव्हा सतरा वर्षांचा. तिथंच मन उडालं.

जुना सीमावासी:
बाळ, नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो, एवढं तरी माहीत होतं काय? 2013 पासूनचा खुळखुळा आहे तो. 1986 च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्ध माणसं गोळ्या खाऊन पडली. त्यांच्या हिंडलग्याच्या स्मारकावर जाऊन ये. आणि 2021 ची बेळगावची लोकसभा पोटनिवडणूक आठव. आपला भाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या तरुण उमेदवाराला लाखावर मतं, आणि जिंकणाऱ्याचं मताधिक्य जेमतेम पाच हजारांचं. बेंगळूरची झोप उडाली होती. हे मतानंच झालं ना?

वडगावचा पोरगा:
काका, स्मारकावर दर 1 जूनला जातो, आजोबाच नेतात. पण त्या लाखाचं पुढं काय झालं? 2018 ला समितीचा एकही आमदार नाही, 2023 ला पुन्हा शून्य. 2018 ला समितीतच दोन गट उभे होते, तेही कर्नाटक सरकारनं केलं म्हणायचं काय? सुप्रीम कोर्टातला सीमाप्रश्नाचा खटला 2004 चा, म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठा.

पुण्यातला बेळगावकर:
मी मतदानाला येतच नाही. डिग्री घे आणि निघ, बास.

वडगावचा पोरगा:
आणि आजोबांना कुणाच्या स्कूटरवर बसवू?

खानापूरची सदस्या:
मी डिसेंबर 2020 ला ग्रामपंचायतीवर निवडून आले, सात मतांनी. तिथं पक्षाचं चिन्ह नसतं. कन्नड घरांनीही मतं दिली, कारण विहिरीकडचा रस्ता दोघांचाही एकच. म्हणून मताला किंमत नाही हे मला कुणी सांगू नये.

तू मोठ्या निवडणुकीवर रुसलायस. मला छळतं ते वेगळंच. जिल्हा आणि तालुका पंचायतीची निवडणूक झाली 2016 ला. मुदत 2021 ला संपली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं कारभार अधिकाऱ्यांकडं. कधी मतदारसंघांची फेररचना, कधी आरक्षण, कधी कोर्ट. तुला मतदानाचा वीट आला, आम्हाला ते करूच दिलं जात नाही! पाण्याच्या टाकीसाठी आमच्या भागातला माणूसच वर नाही, जायचं कुणाकडं? यावर भगवा मोर्चा निघाला नाही आणि कन्नडवाल्यांचा तांबडा-पिवळाही नाही.

जुना सीमावासी:
ताई, गटार-पाण्यात गुंतवूनच तर आपल्याला सीमाप्रश्न विसरायला लावलाय. महाराष्ट्र मागतो त्या 865 गावांचा प्रश्न टाकीनं सुटत नाही.

खानापूरची सदस्या:
त्या 865 मध्ये माझंही गाव आहे, काका. कळशी घेऊन तुम्ही जात नाही, म्हणून बोलता.

वडगावचा पोरगा:
अक्का, जिल्हा पंचायतीचं मला ठाऊकच नव्हतं. कॉलेजात मतदार जागृतीची शपथ घेतली, रांगोळी काढली, पण हे कुणी बोललं नाही. तरी एक सांगतो, ती निवडणूक लागली तरी फेटेवाले तेच असणार.

जुना सीमावासी:
तरुण पुढं येत नाहीत म्हणून तर तेच ते लोक दिसतात. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, आपल्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीला ये, मग बोलू.

खानापूरची सदस्या:
मलाही बोलवा की. पण आधी सांगा, फेरी संपल्यावर सभेत माईक किती बायकांच्या हातात देता?